स्क्रूचा अर्धा फेरा

आमच्या गोदामात तीन फोर्कलिफ्ट आहेत आणि तिन्ही मला आळीपाळीनं छळतात. मी तिथला मिस्त्री. एकोणतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माणूस एकतर शहाणा होतो किंवा नुसता थकतो, आणि मी थकलेल्यांतला. लोक मला कानसेन म्हणतात, कारण मी इंजिन कानानं लावतो. गाडी सुरू करायची, झाकणावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आवाज मऊ लागेपर्यंत स्क्रू फिरवायचा. मीटर-बिटर मला कधी लागलं नाही. याचा मला गर्व होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना उगाच माझी कीव करू नका.

या गाड्या प्रोपेनवर चालतात. मागे सिलिंडर आडवं बांधलेलं असतं आणि त्यातून गॅस येतो तो पातळ, पाण्यासारखा. इंजिनाला तसा तो चालत नाही. म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो, जेवणाच्या डब्याएवढा लोखंडी ठोकळा. रेडिएटरचं गरम पाणी त्याच्या पोटातून फिरवलेलं असतं, त्या उबेनं पातळ गॅसची वाफ होते. मग दोन खोल्या. पहिलीत गॅसचा जोर मोडतो. दुसरीत एक रबरी पडदा असतो, त्याला जोडलेली एक बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाला झडप. इंजिनानं ओढलं की पडदा आत खेचला जातो, झडप उघडते आणि ओढीपुरता गॅस पुढे जातो. इंजिन थांबलं की झडप बंद. न मागता द्यायचं नाही आणि मागितल्याहून जास्त द्यायचं नाही. असा स्वभाव मी माणसांत फक्त आमच्या मॅनेजर मॅडमचा पाहिलाय.

पण रबर ते रबर. वर्षानुवर्षं गॅसबरोबर येणारं काळं तेल त्यावर बसतं, पडदा ताठ होतो. थंडीत तर विचारू नका. थंडी सुरू झाली तशी दोन नंबरची गाडी सकाळी सकाळी बंद पडायला लागली. तिचा ड्रायव्हर, ज्याला सगळे लंबू म्हणतात, सात वाजता माझ्या डोक्यावर येऊन उभा राहायचा.

"मिस्त्री, परत गचके खातेय. बाहेर तीन ट्रक उभेत. काय करू, खांद्यावरून नेऊ का माल?"

नवा पडदा, सील, स्प्रिंग असं सगळं एका किटमध्ये येतं. ते मी मागवलं होतं. मॅडमकडे दोनदा लिहून मागवलं, आलं नाही. मग मी जे आयुष्यभर केलं तेच केलं. रेग्युलेटरच्या बगलेत गॅस कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो. तो अर्धा फेरा उघडला. आवाज मऊ झाला, गचके गेले, लंबू खूश. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच रड, मी पुन्हा पाव फेरा उघडला. मग आणखी पाव. साबणाचा फेस लावून सगळे सांधे तपासले, कुठे बुडबुडा नाही, म्हणजे गळती नाही. हात पुसले आणि चहाला गेलो.

आता ताई. माझी मोठी बहीण, छप्पन वर्षांची, त्याच गोदामात आतल्या टोकाला पॅकिंगच्या टेबलावर असते. खोक्यांवर कुठलं लेबल लागायचं ते ठरवणं हे तिचं काम. माझ्या आधीपासून ती इथे आहे आणि मला इथे चिकटवणारीही तीच. तिनं लग्न केलं नाही. आईचं करता करता राहून गेलं, असं लोक म्हणतात. ती म्हणते, कुणी धड भेटला नाही. माझ्या घरात ती माझ्या बायकोबरोबर राहते, माझ्याबरोबर नाही, कारण त्या दोघींचं एकमत असतं आणि माझं कुणाशीच नसतं.

ताईच्या नाकावर माशी बसत नाही. निदान बसत नव्हती. या थंडीत मात्र ती संध्याकाळी घरी आली की चप्पल न काढता खुर्चीत बसून राहायची. डोकं दुखतंय म्हणायची. काय बोलत होती ते विसरायची. एकदा तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि ते उतू जाताना समोर उभी राहून बघत होती. मी चिडवायचो. "काय ताईसाहेब, पेन्शन सुरू झाली वाटतं!" ती हसायची, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही.

हे काय चाललंय ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. आमची आई शेवटची चार वर्षं सगळं विसरली. आधी दूध, मग रस्ता, मग आम्ही. मला ती "तुम्ही कोण?" असं अहोजाहो करून विचारायची. ताईनं ती चार वर्षं जवळून पाहिली, आंघोळ घालण्यापासून भरवण्यापर्यंत. त्यामुळे ताईला कशाची भीती वाटतेय ते तिनं सांगायची गरज नव्हती. मीही विचारलं नाही. भ्याडपणा म्हणा हवं तर.

गोदामात तिच्या चुका व्हायला लागल्या. एका ट्रकमधली चाळीस खोकी भलत्याच गावाला गेली. मॅडमनी सांभाळून घेतलं. महिन्याभरात पुन्हा तेच झालं, यावेळी साठ खोकी. तेव्हा मॅडमनी तिला बोलावून सांगितलं की आम्ही काढून टाकण्यापेक्षा तुम्हीच लिहून द्या, शुक्रवारपर्यंत. आवाज न चढवता बोलल्या. ताई म्हणे उठताना त्यांना "थँक यू" म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी ती कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसली.

"तू लिही," म्हणाली. "तुझं अक्षर चांगलंय. माझ्या ओळी हल्ली खाली उतरतात."

"डॉक्टरला दाखवू या आधी."

"दाखवून काय? आईला दाखवलं नव्हतं?"

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "लिहू नका." मी लिहिलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. रोज गोदामात तिच्या टेबलाकडे बघायचं, आज काय चुकलं म्हणून धडधडायचं, लोकांच्या नजरा चुकवायच्या, या सगळ्याचा मला कंटाळा आला होता. ती घरी बसेल, आराम करेल, बरं होईल, असं मी तिला सांगितलं. "तब्येतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने काम सोडत आहे." खाली तिनं सही केली. सहीसुद्धा खाली उतरली.

शुक्रवारी सकाळी दोन नंबर सुरूच होईना. स्टार्टर नुसता फिरतोय, इंजिन पेट घेत नाही. लंबू वैतागला होता, मी त्याहून जास्त. जेवणाच्या सुट्टीआधी ताई तो कागद मॅडमना देणार होती आणि माझं कशात लक्ष नव्हतं. हातांना सवय होती म्हणून हात चालत होते. प्लग काढले.

चारही प्लग काळेकुट्ट. बोट लावलं तर काजळी बोटाला आली.

प्रोपेन स्वच्छ जळतो. त्याचे प्लग फिक्या विटकरी रंगाचे निघतात, नाहीतर राखाडी. काजळी धरली म्हणजे गॅस जास्त जातोय, हवा कमी पडतेय, आणि जे जातंय ते अर्धवट जळतंय. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला हे मीच शिकवलंय.

"मिस्त्री, ही बया गॅस फार खाते हो," लंबू बाजूला बसत म्हणाला. "पूर्वी एक सिलिंडर पाळी संपेपर्यंत पुरायचं. आता दुपारच्या आत बदलावं लागतं."

"मग आधी बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, अॅक्सिलरेटरवर तुझाच पाय जड आहे."

म्हणालो होतो खरा.

"आणि डोकं ठणकतं राव," तो कपाळ चोळत म्हणाला. "पण गंमत बघा, बाहेर ट्रक भरायला गेलो की उतरतं. आत पॅकिंगला आलो की परत चालू."

मी प्लग हातात धरून तसाच बसलो. थंडी वाजते म्हणून पॅकिंगची सगळी मंडळी आतलं शटर खाली ओढून ठेवतात, फक्त गाडी शिरेल एवढीच फट. दोन नंबर बराचसा दिवस तिथेच. माल उचलायचा, ठेवायचा, पुढचं खोकं तयार होईपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, ताईच्या टेबलापासून चार पावलांवर. गेल्या महिन्यात या गाडीची साखळी तुटली होती, चार दिवस ती माझ्या वर्कशॉपमध्ये पडून होती. त्या चार दिवसांत ताई एकदम ठणठणीत होती. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं तिनं बायकोच्या आधी सोडवलं होतं. मी म्हणालो होतो, "आज कशी गाडी रुळावर?" पुढचा विचार करायला नको वाटत होतं आणि तो थांबतही नव्हता.

शेजारच्या कारखान्यातल्या बॉयलरवाल्याकडे एक छोटं यंत्र असतं, खिशाला अडकवायचं. हवेत कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते दाखवतं. गॅस अर्धवट जळला की निघणारा हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही. पस्तीसच्या वर गेलं की ते शिट्टी मारायला लागतं. मी ते मागून आणलं. प्लग घासून बसवले, गाडी सुरू करून पॅकिंगमध्ये नेऊन उभी केली, तिथल्या लोकांना बाहेर जायला सांगितलं.

"कशाला बाहेर? गारठा आहे," एक जण म्हणाला.

"जा म्हटलं ना!" मी असा ओरडलो की सगळे गेले. ताई त्यांच्यात नव्हती. मला वाटलं, हात धुवायला गेली असेल.

आधी आकडा शून्यच होता. इंजिन गार, पडदा ताठ, गॅस बेताचा. मला रोज सकाळी ऐकू यायचा तसाच सुरेख आवाज. मग हळूहळू रेडिएटरचं पाणी तापलं, रेग्युलेटर गरम झाला, आतलं रबर सैल पडलं आणि स्क्रू तर मी उघडून ठेवलेलाच. आवाज आणखी मऊ झाला. लोण्यासारखा. वीस, पस्तीस, शिट्टी सुरू. साठ. नव्वद. पंधरा मिनिटांत एकशे अठ्ठेचाळीस. मी गाडी बंद केली, शटर वरपर्यंत ढकललं आणि उंबऱ्यावर उभा राहिलो. अडीच महिन्यांत मी तीनदा सकाळी गार इंजिनाचा आवाज ऐकून स्क्रू उघडला होता, आणि गरम झाल्यावर ते इंजिन माझ्या बहिणीच्या तोंडावर काय सोडतंय ते बघायला एकदाही परत आलो नव्हतो. जास्त गॅस प्यायलेलं इंजिन कानाला गोडच लागतं. कान कुठे खोटं बोलला होता? मी त्याला भलतंच विचारत होतो.

"ताई कुठंय?" मी लंबूला विचारलं.

"ऑफिसात गेल्या मघाशी. हातात कागद होता कसला तरी."

मी पळालो. या वयात, या गुडघ्यांनी, ट्रकच्या मधून वाट काढत. ऑफिसचं दार न ठोठावता उघडलं. मॅडमच्या समोर माझ्याच अक्षरातला कागद होता आणि ताई समोरच्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. कुठलं तरी नाव आठवत असावी तसा तिचा चेहरा होता.

"मॅडम, तो कागद बाजूला ठेवा," मी म्हणालो. मला दम लागला होता. "तिच्या डोक्याला काही झालेलं नाही. हवा वाईट आहे. पॅकिंगमधली हवा."

यंत्रात नोंदलेला सगळ्यात मोठा आकडा दाखवला. काळे प्लग टेबलावर ठेवले, त्यांच्या स्वच्छ टेबलावर डाग पडला. रेग्युलेटरपासून शटरपर्यंत सगळं सांगितलं. मॅडम शांतपणे ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांना आधी काय सुचलं ते माझ्या लक्षात आलं.

"म्हणजे ते किट वेळेवर आलं नाही म्हणून," त्या सावकाश म्हणाल्या. "बरोबर ना?"

त्यांनी स्वतःवरच घेतलं होतं. मला फक्त मान हलवायची होती. दोनदा लिहून मागवलं होतं, दोन्ही कागदांच्या नकला माझ्या कपाटात होत्या. ताई माझ्याकडे बघत होती.

"किट आलं नाही हे खरं," मी म्हणालो. "पण किट नसेल तर गाडी उभी करायची असते. मी स्क्रू उघडला. गार इंजिनावर, कानानं. एकदा नाही, तीनदा."

मॅडमनी ताईचा कागद उचलला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "हा मी पाहिलेला नाही." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "आणि तपासणी होईपर्यंत तुम्ही एकाही इंजिनाला हात लावायचा नाही." मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांनी गाडी बोलावली आणि पॅकिंगच्या पाचही जणांना आणि लंबूला दवाखान्यात पाठवलं. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. मागे ताई खिडकी उघडी ठेवून बसली होती.

दवाखान्यात सगळ्यांचं रक्त घेतलं. सगळ्यांच्यात तो वायू निघाला, ताईच्यात सगळ्यात जास्त, कारण ती जागेवरून हलत नाही. तिला दोन तास नाकाला ऑक्सिजन लावून ठेवलं. डॉक्टर तरुण होती, घाईत होती, पण नीट बोलली. डोकेदुखी लवकर जाईल, विसराळूपणाही बहुतेक जाईल, थोडे आठवडे लागतील, पुन्हा तपासू. मी "बहुतेक" या शब्दावर अडकलो. विचारलं तर म्हणाली, "बहुतेक म्हणजे बहुतेक, काका."

संध्याकाळी आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो, कागदपत्रं मिळायची वाट बघत. मी मनात वाक्यं जुळवत होतो. एकही धड होत नव्हतं.

"ताई, माझ्यामुळे झालं."

"ऐकलं मी ऑफिसात. बहिरी झाले नाही."

"तू मला मार हवं तर."

"इथे? लोक काय म्हणतील?" मग हळू आवाजात, लहान मुलीनं विचारावं तसं विचारलं, "म्हणजे ते आईसारखं नाही ना रे?"

"नाही."

"नक्की?"

"रक्तात निघालंय, ताई. तुझ्यासमोर सांगितलं तिनं."

ती रडायला लागली. आईच्या वेळी मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. इतकी रडली की समोरची बाई उठून पाण्याची बाटली घेऊन आली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला त्या हाताचीच लाज वाटली. मग तिनं नाक पुसलं, पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून घडी घातलेला वहीचा कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"वाच. म्हणजे कळेल मी काय भोगलं ते."

तिचंच अक्षर, उतरत गेलेलं. वर लिहिलं होतं, "रोज सकाळी वाचायचं." खाली एकेक ओळ. आपलं घर दुसऱ्या मजल्यावर, हिरवं दार. घराची किल्ली पर्सच्या लहान कप्प्यात. गॅस बंद केला का ते दोनदा बघायचं. भांडी घासणारी आपली भावजय आहे, बाई नाही, तिला कामाला लावायचं नाही. कुणी ओळखीचं वाटलं नाही तर हसायचं, "तुम्ही कोण?" असं विचारायचं नाही, समोरच्याला फार लागतं. मिशीवाला माणूस माझा धाकटा भाऊ. त्याच्यावर ओरडायचं नाही, तो दमलेला असतो.

शेवटची ओळ दोनदा अधोरेखित केली होती. धाकटा सांगेल ते खरं मानायचं.

मला पुढचं दिसेना. मिशीवाला माणूस भर दवाखान्यात हुंदके देत होता आणि त्याला त्याचंही भान नव्हतं. ताईनं कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"पेन दे," म्हणाली.

मी खिशातलं पेन दिलं. तिनं कागद गुडघ्यावर सरळ केला, शेवटची ओळ शोधली आणि तिच्यावर एक रेघ मारली. मग दुसरी मारली. बाकीच्या ओळींवरून तिनं एकदा नजर फिरवली, पेन उघडं धरून थोडी थांबली. त्या मात्र खोडल्या नाहीत. कागदाची घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली.